आईच्या गालातली कणीक

माझ्या आईचा एकही फोटो माझ्याकडे नाही. एकुलता एक निघाला होता तो धाकट्या मामाच्या लग्नात, आणि त्यात ती नेमकी पाठ करून वाढप्यांना काहीतरी बजावत होती, म्हणून तिचा अंबाडा तेवढा आला. तोही पुढं कुठं गहाळ झाला. पण माझ्याकडे आईच्या गालाचा आतला पापुद्रा आहे. थट्टा करत नाही. बोटभर लांबीची काचेची पट्टी, तिच्यावर नखाएवढी पातळ काच, आणि दोहोंच्या मध्ये पारदर्शक डिंकात बसलेला तो पापुद्रा. बांगड्यांच्या डब्यात कापसात गुंडाळून ठेवलाय. लोक आईबापाच्या फोटोला हार घालतात. मी वर्षातून एकदा कापूस उलगडते, काच पदरानं पुसते आणि खिडकीतल्या उजेडाला धरते. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. दिसत नाही हे ठाऊक असूनही धरते. सुनेला वाटतं, सासूबाईंचा हा काहीतरी उपास असावा.

आमची वस्ती बारामती-इंदापूर रस्त्यापासून आत होती. उसाच्या दोन फडांमधून गाडीवाट जायची, तिच्या टोकाला आमचं घर. आजोबांच्या काळात आमच्यात मेंढरं होती. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आणि कोकणच्या बाजूला उतरायचं, पावसाच्या तोंडावर परत. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कळप मोडला, पाटाच्या पाण्यावर ऊस लावला आणि आमच्या कुळात पहिल्यांदा भिंती उभ्या केल्या. त्या भिंतींचं त्यांना फार कौतुक. कुणी पाहुणा आला की चहाच्या आधी भिंत दाखवायचे, तिच्यावर थाप मारून. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की आई पहिली भाकरी तव्यावर टाकायची. भाकरी थापल्याचा तो थपथप आवाज, त्यात उसाच्या गाड्यांच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज मिसळायचा, आणि मी गोधडीत पडून ऐकत राहायचे, कारण कामाचं सोंग आणण्यात मी लहानपणापासून तरबेज. जेवणात भाकरी आणि ठेचा, कधी हुलग्याचं माडगं. गव्हाची पोळी सणाला. कणीक भिजली म्हणजे घरात कुणाचं तरी काहीतरी चांगलं झालं, एवढं आम्हा पोरांना समजायचं.

आईचं स्वतःचं म्हणावं असं दिवसात एकच होतं. दुपारची भांडी झाली की ती गोठ्याच्या सावलीला बसायची, कनवटीची पितळी डबी काढायची आणि मिसरी लावायची. नव्या पोरींना मिसरी सांगावी लागते. तंबाखूची पानं तव्यावर पार काळी होईस्तोवर भाजायची, मग चुरून पूड करायची आणि बोटानं दातांना घासत बसायचं. भाजताना घरभर असा धूर व्हायचा की कुत्रंसुद्धा शिंकत फडात पळायचं. मिसरी तोंडात असली की आईला बोलता यायचं नाही. "शेरडू सुटलंय", ऊं. "आबांचं धोतार कुठाय?", ऊं. आजीनं हाक मारली तरी ऊं. दिवसभरात ती अर्धी घटका अशी होती की तिला कुणी काही विचारलं तरी उत्तर द्यायची जबाबदारी तिच्यावर नव्हती. हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच कळायचं की आईच्या अंगाला भाजलेल्या तंबाखूचा, शेणाचा आणि ज्वारीच्या पिठाचा मिळून एक वास येतो आणि त्या वासाला टेकून झोप चांगली लागते.

मग तिची दाढ सुजली. बारामतीच्या डॉक्टरांनी हिरड्या बघितल्या आणि मिसरी आजपासून बंद म्हणून सांगितलं. आबा घाबरट माणूस, पण घाबरले की रागावल्यासारखे दिसायचे. घरी आल्या आल्या त्यांनी आईला माझ्या डोक्यावर हात ठेवायला लावला आणि शपथ घ्यायला लावली. आईनं हात ठेवला. ओठ हलले. डबी कनवटीतून गेली, आणि आठच दिवसांत जोंधळ्याच्या कणगीमागं पुन्हा उगवली. मला सगळं ठाऊक होतं, कारण पहाऱ्याला मीच असायचे. आबा बांधावर दिसले की मी खोकायचं, असं ठरलेलं. फक्त एक होतं. शपथ माझ्या डोक्याची होती. त्या वर्षी मला जरा कणकण आली तरी मी आईकडं संशयानं बघायचे.

ही झाली घरची हकिगत. आता माझी हुशारी. नववीला आम्हाला घोलप सर विज्ञान शिकवायचे. ते मुळात गणिताचे. विज्ञान त्यांच्या गळ्यात पडलेलं. शाळेत सूक्ष्मदर्शक एकच, लाकडी पेटीत, आणि पेटीची किल्ली सरांच्या जानव्याला. त्यांनी एकदा कांद्याचा पापुद्रा काढून काचेवर ठेवला आणि आम्हाला रांगेनं बघायला लावलं. मी डोळा लावला आणि मला वीटकाम दिसलं. आबांच्या भिंतीसारखं, विटेला वीट लागलेली. सर म्हणाले, ही एकेक वीट म्हणजे एकेक पेशी. वनस्पतीच्या पेशीला बाहेरून भिंत असते, तिचं नाव पेशीभित्तिका. प्राण्याच्या पेशीला भिंत नसते, नुसता पातळ पडदा असतो. मी लगेच हात वर केला आणि म्हणाले, म्हणजे सर, शेतकरी वनस्पतिपेशी आणि मेंढपाळ प्राणिपेशी. आमचे आजोबा पालात राहायचे, नुसता पडदा, म्हणून त्यांना पाहिजे तिकडं जाता यायचं. वर्ग हसला. सरांनी मात्र मान डोलावली, आणि त्या मान डोलावण्यानं माझा घात झाला. मला वाटलं, आपण शास्त्रज्ञ.

घरी येऊन मी सगळ्यांना नावं वाटली. आबा केंद्रक, कारण हुकूम त्यांचा. आजी लयकारिका, कारण पेशीतलं जुनंपानं, मोडकंतोडकं पचवायचं काम लयकारिकेचं, आणि आजी शिळ्या भाकरीचा तुकडा वाया जाऊ द्यायची नाही. म्हैस म्हणजे रिक्तिका, साठवणीची पिशवी. आणि आई तंतुकणिका. आईनं विचारलं, ती काय करती? मी पुस्तकी थाटात म्हटलं, अन्नातून शक्ती तयार करते, तिच्यावाचून पेशीचं पान हलत नाही. आईला पुढचं काही ऐकू आलं नाही. तिला ऐकू आलं ते कणिका.

"कणीक?" ती म्हणाली. "गव्हाची?"

"कणीक न्हाय आये, कणिका. प्रत्येक पेशीत असत्यात. तुज्या गालातसुद्धा."

"बग की. घरात कणीक सणाला, आन् माज्या गालात रोज." आणि पदर तोंडाला लावून हसत राहिली. त्या दिवसापासून ती शब्द कधीच बरोबर म्हणाली नाही. मी चिडून दुरुस्त करायचे. पंधरा वर्षांची मी, आईचा शब्द दुरुस्त करण्यात माझं केवढं शिक्षण खर्ची पडत होतं.

त्या हिवाळ्यात इंदापूरला शाळाशाळांचं विज्ञान प्रदर्शन होतं आणि सरांनी आमच्या शाळेकडून मला निवडलं. विषय, वनस्पतिपेशी आणि प्राणिपेशी. घरात तेव्हा दुसरंच शिजत होतं. इंदापूरकडचं एक स्थळ आलं होतं, मुलाचं पिठाच्या गिरणीत चांगलं चाललेलं. दहावी झाली की उरकून टाकू असं आजीचं म्हणणं. मला बारामतीला कॉलेजात जायचं होतं. आबा दोन्हीकडं मान हलवायचे. शेवटी आईनं एकदा त्यांना जेवायला वाढता वाढता म्हटलं की इंदापूरला पोरीचा नंबर आला तर बारामतीला घाला, नाही आला तर गिरणीत. आबांना हा निवाडा पटला. त्यात त्यांना स्वतः काही ठरवायचं नव्हतं. म्हणजे माझं पुढचं सगळं आयुष्य कांद्याच्या एका पापुद्र्यावर आणि गालाच्या एका पापुद्र्यावर येऊन ठेपलं.

कांदा सोपा. गाल अवघड. काडीच्या बोथट टोकानं गालाच्या आतून हलकेच खरवडायचं, खरवड काचेवर पसरून वाळवायची, निळ्या औषधाचा थेंब टाकायचा आणि धुवायची. सरांनी दोन काचा आणि औषधाची बाटली घरी दिली होती. मी काडी तोंडाशी नेली आणि मला रडू फुटलं. भर वर्गात मेंढपाळांचं शास्त्र सांगणारी मी, काडी गालाला लागायच्या आधीच कळवळले. तीनदा नेली, तीनदा परत आणली. आई चुलीपुढं बसून हे बघत होती. ती उठली, न्हाणीत जाऊन खळाखळा चूळ भरून आली, आणि माझ्यापुढं बसून तोंड उघडलं.

"घे. माजा घे. मला काय व्हत न्हाय."

मी खरवडलं. तिनं डोळे मिटले नाहीत. माझ्याकडंच बघत होती, उघड्या तोंडानं, आणि डोळ्यांत हसू. आईच्या तोंडात मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. मागच्या दोन दाढा नव्हत्या. काढलेल्या कधी, कुणाला ठाऊक.

शनिवारी शाळेत काच यंत्राखाली ठेवली तर काय सांगू. विटा नाहीत, भिंती नाहीत. वेड्यावाकड्या निळसर चकत्या, तव्यावर पहिल्यांदा भाकरी टाकणाऱ्या पोरीनं केल्यासारख्या, आणि प्रत्येकीच्या मध्ये एक गडद ठिपका. ते केंद्रक, हे मला ओळखू आलं. पण त्याशिवाय चकत्यांवर बारीक बारीक काळे कण होते. कुठं चार, कुठं सात. मी पुस्तक उघडलं. पुस्तकातल्या चित्रात पेशीद्रव्यात बारीक बारीक तंतुकणिका काढलेल्या. मी सरांना बोलावलं. सरांनी डोळा लावला, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "पुस्तकात आहेत म्हणजे असणारच." तंतुकणिका त्यांनी तरी कुठं बघितल्या होत्या. मग मी मोठ्या कागदावर चित्र काढलं. एकेक कण मोजून, जिथल्या तिथं, काळ्या शाईनं. वर बाण काढून सुवाच्य अक्षरात लिहिलं, तंतुकणिका. ज्या पोरीनं वर्षभर कणगीमागच्या डबीवर पहारा दिला, आबा दिसले की खोकून खोकून घसा बसवून घेतला, तिच्या डोक्यात एकदाही आलं नाही की हे काळं काळं काय असेल. आजही मला ती पोरगी भेटली तर मी तिचा कान धरीन. मग जवळ घेईन. पण आधी कान.

इंदापूरला सर पेटी मांडीवर घेऊन एसटीत बसले, मी कागदाची गुंडाळी घेऊन, आणि आबा नवी टोपी घालून. आबांनी स्टँडवर पिशवीभर पेरू घेतले आणि शाळेच्या हॉलमध्ये माझ्या टेबलामागं उभे राहिले, येणाऱ्याजाणाऱ्याला पेरू देत, जणू लग्नच आहे. परीक्षक म्हणून बारामतीच्या कॉलेजातल्या एक बाई आल्या होत्या. लांब शेपटा, जाड चष्मा, आवाज हळू. त्यांनी कांदा बघितला, ठीक म्हणाल्या. मग गाल बघितला. डोळा काढला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला. मग माझं चित्र बघितलं.

"हे काळे ठिपके काय आहेत?"

"तंतुकणिका," मी म्हणाले. छाती किती पुढं काढली होती ते विचारू नका.

"बाळ, या यंत्रातून तंतुकणिका अशा दिसत नाहीत. फार बारीक असतात त्या." त्या अगदी मऊपणानं बोलत होत्या, त्यामुळे जास्त लागलं. "हे पेशीच्या आतलं नाहीच. वरून चिकटलेलं आहे. मिसरी आहे ही. कुणाचा गाल आहे हा?"

माझ्यामागं पेरू खाण्याचा आवाज येत होता. तो थांबला.

त्या क्षणी मला एकदम सगळं दिसलं. कणगी, डबी, माझ्या डोक्यावरचा आईचा हात, तिचं उघडं तोंड. बाईंना काही फरक पडत नव्हता, त्यांना नुसतं शास्त्र पाहिजे होतं. मागं वळून बघायची माझी हिंमत झाली नाही.

"माझा," मी म्हणाले. "मी लावते मिसरी."

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दात दाखव बघू." मी दाखवले. कडुलिंबाच्या काडीनं घासलेले, पांढरेफेक. बाईंनी ते बघितले, माझ्यामागं बघितलं, आणि वहीत काहीतरी लिहिलं. एवढंच म्हणाल्या की ही काच मी ठेवून घेते. नंबर अर्थातच आला नाही. सर वाटेत पेटीवर हात ठेवून बसले होते. पिशवीत उरलेले पेरू एसटीच्या धक्क्यांनी एकमेकांवर आपटत होते, आणि मी खिडकीतून इंदापूरच्या रस्त्याला लागणाऱ्या प्रत्येक पिठाच्या गिरणीकडं बघत होते. त्या रस्त्याला गिरण्या किती आहेत ते त्या दिवशी कळलं.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आई भाकरी थापत होती. आबा पायही न धुता चुलीपुढं येऊन बसले.

"पोरगी मिसरी लावती म्हणं," ते म्हणाले. "चारचौघांत सांगितलं तिनं. नंबर गेला. आता गिरणीवाल्याला निरोप धाडतो, आन् मिसरीचं न्हाय सांगत त्याला."

थपथप थांबली. आईनं माझ्याकडं बघितलं. मी खांबाला टेकून उभी होते, आणि मला वाटतं मी मान हलवून नको म्हणत होते, पण पदराआडून बघणाऱ्या आजीमुळं नीट हलवताही येईना. आईनं परातीतला हात काढला, पिठासकट उठली, कणगीमागं गेली आणि डबी आणून आबांच्या पुढ्यात ठेवली. पितळेवर पिठाची बोटं उठली.

"ती पेशी माजी हाय," आई म्हणाली. "तिच्या तोंडात काडी घालायची छाती झाली न्हाय तिला. माजा गाल दिला."

आबा डबीकडं बघत राहिले. त्यांचा आवाज बारीक झाला. "पोरीच्या डोक्यावर हात ठिवून शपथ घेतली हुतीस तू. तिला काय झालं असतं म्हंजी?"

"हात तिच्या डोक्यावर हुता. शपथ म्हशीची घेतली. मनातल्या मनात."

आबांनी मान वळवून गोठ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "म्हणून म्हस आटली व्हय गं?"

आजी पदराआड फस्सकन हसली. आबांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, टोपी काढली, पुन्हा घातली. शेवटी त्यांचे खांदे हलायला लागले. पण आई हसत नव्हती. ती परत चुलीपुढं बसली आणि आबांकडं न बघता म्हणाली की मिसरी आजपासून सोडली, पण शालन, म्हणजे मी, बारामतीला जाईल. आबांनी विचारलं, आता शपथ कशाची घेतेस, म्हैस तर भाकड. आई म्हणाली, "शपथ न्हाय घेत. नुसतं सांगती." आणि डबी उचलून चुलीत उपडी केली. जाळ एकदा बुजला, मग काळा धूर वर आला. त्या दिवशीच्या भाकरीला मिसरीचा वास होता. सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ली. आबांनी एक जास्त मागून घेतली.

मी बारामतीला गेले. वसतिगृहाच्या खाणावळीत दोन्ही वेळा गव्हाची पोळी. आमच्या घरी सणाला येणारी कणीक इथं रोज, आणि मला घास गिळवेना. भाकरी नाही, भोंगा नाही, घुंगरं नाहीत. दौंडच्या गाडीची शिट्टी तेवढी यायची आणि ती ऐकली की वाटायचं, सगळं जग कुठंतरी निघालंय आणि मीच एका खोलीत भिंतीकडं तोंड करून बसलेय. भिंतींचं कौतुक असणारे आबा एकदा येऊन गेले, खोलीच्या भिंतीवर थाप मारून चांगली आहे म्हणाले. दुसऱ्या महिन्यात प्रयोगशाळेत बाईंनी सराव घेतला. त्याच त्या, लांब शेपट्याच्या; मला त्या ओळखतील अशी मला भीती होती म्हणून मी मागच्या बाकावर बसायचे. टेबलावर ओळीनं सूक्ष्मदर्शक मांडलेले, प्रत्येकापुढं चिठ्ठी. बघायचं, उत्तर लिहायचं, पुढं सरकायचं. सहाव्या यंत्रापुढच्या चिठ्ठीवर होतं: पेशी ओळखा, काळे कण कशाचे? मी डोळा लावला.

ती माझी आई होती. मला पुढं कुणी कितीही समजावलं असतं की सगळ्या माणसांच्या गालाच्या पेशी सारख्याच दिसतात, तरी मी ऐकलं नसतं. एकेक कण मोजून काढलेला, जिथल्या तिथं. डावीकडची दुमडलेली चकती, तिच्यावर चार. मधली मोठी, तिच्यावर सात. मला एकदम धुराचा वास आला, गोठ्याची सावली आली, ऊं ऐकू आलं. मागची मुलगी कोपरानं ढोसत होती, सरक की म्हणत होती, आणि मला सरकवत नव्हतं. नळीच्या तोंडाची काच माझ्या डोळ्यांच्या पाण्यानं धूसर झाली तरी मी डोळा काढला नाही. निम्म्या वर्गानं त्या चिठ्ठीला तंतुकणिका असं उत्तर लिहिलं, हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं. मी लिहिलं, "मिसरी. आईची."

वह्या तपासून झाल्यावर बाईंनी मला थांबवून घेतलं. वहीकडं बघितलं, मग माझ्या दातांकडं. "तूच ना ती?" एवढंच. ती काच त्यांनी कायमची पक्की करून ठेवली होती, आणि दर वर्षी नव्या पोरांना फसवायला काढायच्या. म्हणजे माझ्या आईनं, जी शाळेची पायरी चढली नव्हती, बारामतीच्या कॉलेजात माझ्याआधी एक वर्ष शिकवलं आणि पुढं मी तिथं असेपर्यंत दर वर्षी. मी शेवटच्या परीक्षेला बसून निघाले तेव्हा बाईंनी काच कापसात गुंडाळून माझ्या हातात दिली.

आईनं शब्द पाळला. मी दर शनिवारी घरी जायचे आणि चोरासारखी तिच्या तोंडाचा वास घ्यायचे. नव्हताच. दात हळूहळू उजळले, हिरड्या गुलाबी झाल्या, डॉक्टर खूश. दुपारी ती गोठ्याच्या सावलीला बसायची, पण आता तोंड मोकळं, त्यामुळे शेरडू, धोतर, आजी, सगळ्यांना उत्तरं द्यायची. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवायचे आणि झोप यायची नाही. चांगल्या दातांची, मोकळ्या तोंडाची ती बाई मला परकी वाटायची. एकदा न राहवून म्हटलं, आये, एखाद्या दिवशी लाव की, मी खोकते. ती म्हणाली, "आता कणीक संपली ग माजी." आणि माझ्या केसातून हात फिरवत राहिली. तो हात माझ्या डोक्यावर होता. मनात कुणाची शपथ होती ते मी विचारलं नाही. ते विचारायला पाहिजे होतं, असं आता दर वर्षी खिडकीपाशी उभं राहून वाटतं.

पुढं मी इंदापूरच्याच एका शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं. तंतुकणिकेला बाण चुकीच्या जागी लागला की लाल शाईनं खोडायचे, फार निष्ठुरपणे, कारण चुकीच्या बाणाची किंमत मला माहीत होती. आई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मागच्या महिन्यात नातीनं वाढदिवसाला सूक्ष्मदर्शक मागून घेतला, चांगला, दिव्याचा. ती नववीत आहे, अगदी माझ्यावर गेलीय, म्हणजे सगळं येतं असं तिला वाटतं. मी डब्यातून कापूस काढला. काच ठेवली. माझ्या हाताला कंप असतो म्हणून तिनंच नीट जुळवून दिलं आणि आधी स्वतः डोळा लावला.

म्हणाली, आजी, निळं काहीच नाहीये. आणि खरंच नव्हतं. मी बघितलं. इतक्या वर्षांत निळं औषध पार उडून गेलेलं. पडदे इतके फिके की आहेत की नाहीत कळेना. केंद्रकं विरलेली. आई जवळजवळ सगळी गेलेली. फक्त काळे कण होते तिथल्या तिथं. डावीकडं चार. मधे सात. भाजून भाजून काळी केलेली ती पूड, तिला काय उडायचंय.

"पण मग हे काळे काय आहेत?" नातीनं विचारलं. "मायटोकॉन्ड्रिया?"

"व्हय," मी म्हटलं. "कणीक हाय ती."

तिनं संशयानं माझ्याकडं बघितलं, मग पुस्तक ओढून घेतलं, पान काढलं, बोट ठेवलं. "आजी, तू सायन्स टीचर होतीस ना? अशा मायक्रोस्कोपमधून ते दिसत नाहीत."

"तुला दिसत नसतील," मी म्हटलं, आणि डोळा पुन्हा काचेला लावला.